माप कुठे सांडलं, तिथून वाचायला लागा

तुम्ही लिहिलंय की शेक्सपिअरचं 'अँटनी अँड क्लिओपात्रा' दोनदा वाचून झालं, गोष्ट कळली, पण नाटक हाती लागलं नाही. दृश्यं सारखी रोमहून अलेक्झांड्रियाला आणि परत रोमला पळतात. इजिप्तच्या राणीत गुंतलेला रोमन सेनापती अँटनी कधी प्रेमापायी राज्य सोडणारा वाटतो, कधी राज्यापायी प्रेम सोडणारा. मग हे प्रेमाचं नाटक म्हणून वाचायचं की राजकारणाचं? आणि 'बारकाईनं वाचा' असं सगळे सांगतात, तेव्हा हातात पेन्सिल घेऊन नेमकं करायचं काय?

मी हे नाटक पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षं शिकवत आले आहे. 'प्रेम की राजकारण' हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. तो काही दिवस बाजूला ठेवा. या नाटकातली माणसं प्रेमाबद्दल बोलताना राज्याच्या सीमांची भाषा वापरतात, आणि राज्याबद्दल बोलताना वाटणीची, किमतीची, बेरजेची. दोन्हीकडे एकच गोष्ट चाललेली असते, ती म्हणजे मोजणं. कोण किती मोठा, कोणाचं प्रेम किती, कोणाच्या वाट्याला जगाचा कितवा हिस्सा. मी वर्गाला पहिलं काम देते ते हे: मापाचा, मोजण्याचा, वजनाचा, किमतीचा जो शब्द येईल त्याखाली रेघ मारा. पहिल्या अंकापासून पाचव्यापर्यंत पेन्सिल थांबत नाही.

सुरुवात पहिल्याच वाक्यापासून होते. फायलो नावाचा एक सैनिक बोलतो. याच एका दृश्यात तो येतो, पुन्हा दिसतही नाही. त्याच्या बोलण्याची सुरुवात 'नाही, पण' अशी आहे. म्हणजे पडद्याआड आधीच कोणीतरी अँटनीची बाजू घेतली आहे आणि आपण चालू वादात येऊन पडलोय. फायलो म्हणतो, आमच्या सेनापतीचं हे खुळ आता माप ओलांडून वाहायला लागलंय. मराठी वाचकानं इथे थोडं थांबावं. आपल्याकडे नवी नवरी उंबरठ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून घरात येते आणि ते तांदूळ सांडणं आपण शुभ मानतो. फायलोच्या लेखी सांडणं म्हणजे नासाडी. नाटक त्याचं म्हणणं बरोबर धरतं का? दुसऱ्या अंकाच्या शेवटी, रोमच्या सत्ताधीशांशी तह केलेल्या पाँपीच्या गलबतावरच्या मेजवानीत, खुद्द अँटनी सीझरला (ज्युलियस नव्हे, ऑक्टेव्हियस सीझर, अँटनीचा सत्तेतला भागीदार आणि पुढे शत्रू) सांगतो की इजिप्तमध्ये नाईलचं पाणी किती चढलं ते खुणांवर मोजतात, आणि नदी जितकी फुगेल तितकं पीक चांगलं. पूर ओसरला की शेतकरी त्या गाळात बी टाकतो. रोमच्या दृष्टीनं जे हाताबाहेर गेलं, त्यावरच इजिप्तचं पोट भरतं. हे दोन उतारे एकमेकांसमोर ठेवले की नाटकाचा गाभा दिसायला लागतो.

आता पहिल्या दृश्याकडे परत या. दरबार भरलाय. क्लिओपात्रा विचारते, हे खरंच प्रेम असेल तर सांग, किती आहे? अँटनी म्हणतो, जे मोजता येतं ते भिकाऱ्याचं प्रेम. ती म्हणते, तरी मी हद्द आखीनच. तो म्हणतो, मग तुला नवं आभाळ आणि नवी पृथ्वी शोधावी लागेल. चार ओळींचा हा खेळ इतका देखणा आहे की वाचक त्यात रमतो, आणि पुढची ओळ हातची निसटते. नोकर येतो: 'महाराज, रोमहून बातमी.' अँटनी वैतागतो आणि म्हणतो, थोडक्यात सांग. त्याचा मूळ शब्द बेरजेचा आहे. आत्ताच मोजणीला भिकारपणा म्हणणारा माणूस रोमची मात्र नुसती बेरीज मागतो, आणि तीही ऐकून घेत नाही. त्यानंतर येतं ते प्रसिद्ध वाक्य, रोम टायबर नदीत विरघळून जाऊ दे, माझी जागा इथे आहे. हे वाक्य लोक प्रेमाची घोषणा म्हणून उद्धृत करतात. पण त्यावर क्लिओपात्रा काय म्हणते ते पाहा: काय सुंदर थाप आहे! फुल्व्हियावर प्रेम नव्हतं तर लग्न का केलं? नाटकातल्या सगळ्यात मोठ्या प्रेमवाक्याला खोटं म्हणणारी पहिली व्यक्ती त्याची प्रेयसीच आहे.

बारकाईनं वाचायचं ते असं. मोठं भाषण आलं की ते कोण बोलतंय, कोणासमोर बोलतंय आणि त्याच्या लगेच पुढची ओळ कोणाची आहे, एवढं आधी बघायचं. अलंकार, वृत्त, प्रतिमा यांच्याकडे नंतर वळा. निम्मे घोटाळे तिथेच टळतात.

सगळ्यात गाजलेल्या उताऱ्यावर हे करून बघू. क्लिओपात्राच्या नौकेचं वर्णन. बोलतोय एनोबार्बस, अँटनीचा रांगडा, फटकळ शिपाईगडी, कवितेच्या वाटेला न जाणारा. ऐकतायत मेसीनस आणि अग्रिपा, दोघेही सीझरची माणसं. आणि वेळ कोणती? याच दृश्यात, थोड्याच ओळींपूर्वी, अँटनीचं सीझरच्या बहिणीशी, ऑक्टेव्हियाशी, लग्न ठरलंय. राजकीय तहाची गाठ म्हणून. ते सुचवणारा अग्रिपाच. त्या कराराची शाई वाळायच्या आत एक शिपाई दुसऱ्याच बाईचं वर्णन करायला लागतो. मेसीनस म्हणतो, आता अँटनीला तिला कायमचं सोडावं लागेल. एनोबार्बसचं उत्तर, कधीच नाही सोडणार. ते लग्न तिथेच मोडलं. कागदोपत्री ते पुढे मोडेल एवढंच.

आता शब्दांकडे या. शेक्सपिअरनं हा मजकूर ग्रीक चरित्रकार प्लूटार्ककडून घेतला. थॉमस नॉर्थनं प्लूटार्कची चरित्रं १५७९ मध्ये इंग्रजीत आणली होती, तीही मूळ ग्रीकवरून नाही, ज़ाक आम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून. नॉर्थच्या गद्यात नौकेची सोनेरी पिछाडी आहे, जांभळी शिडं आहेत, बासरीच्या तालावर पडणारी चांदीची वल्ही आहेत. शेक्सपिअर जवळजवळ सगळं तसंच उचलतो. मग त्याचं स्वतःचं काय? वारा त्या सुगंधी शिडांच्या प्रेमात पडतो. पाणी वल्ह्यांचे फटके खातं आणि त्या फटक्यांसाठीच मागे मागे धावतं. निर्जीव वस्तूंना त्यानं हाव दिली. आणि मधोमध बसलेली ती? तिच्याबद्दल एनोबार्बस एवढंच म्हणतो की तिच्यापुढे सगळं वर्णन भिकारी ठरलं. पहिल्या दृश्यातला 'भिकारी' इथे परत आलाय. भोवतालची प्रत्येक वस्तू दिसते, पण तिचं नाक-डोळे-उंची काही सांगितलेलं नाही. माप जिथे हवं तिथे पोकळी ठेवली आहे. शिकवताना मी इथे कितीही वेळा आले तरी पुढे जायची घाई होत नाही.

पण हे वर्णन केवळ शृंगाराचं आहे असं समजलात तर अर्धं हरवेल. ती घटना इ.स.पू. ४१ मधली, सिडनस नदीवरची, तार्ससजवळची. क्लिओपात्राला तिथे बोलावलं होतं ते जाब द्यायला. ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या कॅशियसला मदत केल्याचा तिच्यावर आरोप होता. आरोपी म्हणून बोलावलेली राणी व्हीनस देवीच्या थाटात येते. गावातली सगळी माणसं नदीकाठी धावतात, आणि अँटनी बाजारपेठेत सिंहासनावर एकटाच, हवेशी शीळ घालत बसून राहतो. निवाडा करायला बसलेल्या सत्ताधीशासमोर माणूस उरत नाही, सगळी गर्दी तिच्याकडे गेलेली असते. हा राजकीय डाव आहे आणि तो ती पहिल्याच दिवशी जिंकते. मग त्याचं तिच्यावर प्रेम जडलं ते तिच्या रूपावर की तिच्या या ताकदीवर? नाटक या दोन गोष्टी वेगळ्या करू देत नाही.

जिचं वर्णन होऊ शकत नाही, ती मात्र सवतीचं माप मागते. ऑक्टेव्हियाच्या लग्नाची बातमी आणणाऱ्या दूताला क्लिओपात्रा मारते, सुरा उपसते. मग थोड्या वेळानं त्यालाच परत बोलावून विचारते: उंच आहे का माझ्याएवढी? आवाज कसा? चाल कशी? वय? चेहरा गोल की लांबट? केस? प्रेक्षक इथे हसतात, आणि हसावंच. पण दूताकडे लक्ष ठेवा. पहिल्या वेळी खरं बोलून मार खाल्ला, दुसऱ्या वेळी तो राणीला काय हवंय ते ओळखून उत्तरं देतो आणि बक्षीस घेऊन जातो. सत्तेपुढे खरी बातमी कशी वाकते, त्याचा हा धडा आहे. आणि या दोन भेटींच्या मध्ये तिसऱ्या अंकाचं पहिलं दृश्य येतं. अँटनीचा सरदार व्हेंटिडियस रोमच्या पूर्वेकडच्या शत्रूंशी, पार्थियनांशी, लढाई जिंकलाय. हाताखालचा म्हणतो, पाठलाग कर. तो नाही म्हणतो. सेनापतीपेक्षा जास्त यश मिळवणारा सेनापतीच्या डोळ्यांत सलतो, म्हणून जिंकायचं ते बेतानं. हे दृश्य प्रयोगात पुष्कळदा गाळतात, कारण कथेत त्यानं काही हलत नाही. माझ्या मते ते गाळलं की दूताचं दृश्य निव्वळ बाईच्या मत्सराचं होऊन बसतं. दोन्ही ठेवली तर दिसतं की अलेक्झांड्रियाच्या महालात आणि रोमन छावणीत माणसं एकाच भीतीनं आपापल्या मापात राहतात.

दृश्यांच्या पळापळीबद्दल. आजच्या आवृत्त्यांमध्ये साधारण ४२ दृश्यं असतात. पण नाटक पहिल्यांदा छापलं गेलं ते १६२३ च्या फोलिओमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, आणि तिथे सुरुवातीला 'पहिला अंक, पहिला प्रवेश' एवढं लिहिल्यावर पुढे अंक-प्रवेशांची विभागणीच नाही. ती नंतरच्या संपादकांची. मोकळा रंगमंच, पडदा नाही, एका दारानं रोमन गेले की दुसऱ्या दारानं इजिप्तची माणसं आली. दशावतार किंवा तमाशा पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, एक फेरी मारली की गाव बदललेलं असतं. तेव्हा प्रवेशांचे आकडे बघून थांबू नका. तिसरा आणि चौथा अंक एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. रोमचं वाक्य कानात असतानाच अलेक्झांड्रियाचं वाक्य त्यावर पडलं पाहिजे.

अ‍ॅक्टियमची सीझरशी झालेली आरमारी लढाई (इ.स.पू. ३१) रंगमंचावर दिसतच नाही. आवाज येतो आणि मग अँटनीचा सैनिक स्केरस धावत येऊन सांगतो की आपण राज्यं आणि प्रांत चुंबनात उधळून टाकले. त्यानंतर हरलेला अँटनी आणि रडणारी क्लिओपात्रा समोरासमोर येतात. तो आधी चिडतो, मग म्हणतो, एकही आसू गाळू नकोस, त्यातल्या एकाची किंमत जिंकल्या-हरल्या सगळ्याएवढी आहे. पेन्सिल घ्या. मोजता येणारं प्रेम भिकारी म्हणणारा माणूस आता किंमत सांगतोय. वर्गात दोन तट पडतात. काहींना वाटतं, तो पहिल्या दृश्यातून खाली उतरला. मला उलट वाटतं. पहिल्या दृश्यात त्यानं काही गमावलं नव्हतं, ते बोलणं फुकटचं होतं. इथे अर्धं जग देऊन झाल्यावर तो तेच म्हणतोय.

चौथ्या अंकातल्या ढगांच्या संवादाला मात्र घाई करू नका. दुसऱ्यांदा हरल्यावर, क्लिओपात्रानं दगा दिला अशी खात्री झाल्यावर, अँटनी आपल्या सेवकाशी बोलतो. सेवकाचं नाव ईरॉस, ग्रीकमध्ये प्रेमाच्या देवाचं नाव. हे शेक्सपिअरनं रचलेलं नाही, प्लूटार्कमध्येच आहे. अँटनी म्हणतो, कधी कधी ढग अजगरासारखा दिसतो, कधी अस्वल, कधी सिंह, कधी किल्ला, कधी डोंगर. ईरॉस मध्ये फक्त 'होय महाराज' म्हणतो. मग तो म्हणतो, आत्ता जो घोडा दिसत होता तो क्षणात पुसला जातो, पाण्यात पाणी मिसळावं तसा. मी अजून अँटनीच आहे, पण हा आकार मला धरवत नाही. पहिल्या वाक्यात माप ओलांडून वाहणारं जे होतं, ते आता भांडंच नसलेलं पाणी झालंय. या ओळी मोठ्यानं म्हणून बघा, वाक्य कुठे संपतं ते चटकन सापडत नाही. कारण जे विरघळतंय ते बोलणाऱ्याच्याच तोंडून बोललं जातंय. त्यानंतर तो ईरॉसला सांगतो, मला मार. प्रेमाच्या देवाचं नाव धारण करणारा सेवक तलवार स्वतःच्याच पोटात खुपसतो.

मग अँटनीही स्वतःवर वार करतो. त्या मरणासन्न अँटनीला दोरांनी वर, क्लिओपात्रा लपलेल्या स्मारकात ओढून घेतात. क्लिओपात्रा ओढता ओढता म्हणते, किती जड आहेत माझे स्वामी! आमचं सगळं बळ जडपणात गेलं. इंग्रजीत त्या शब्दाला वजन आणि दुःख असे दोन्ही अर्थ आहेत, आणि मराठीत ते आपल्याला आयते मिळतात, आपलंही मन जडच होतं. सगळं नाटक ज्याला मोजत आलं, त्याचं वजन अखेर तिच्या दोन हातांना कळतं.

पाचवा अंक सगळा तिचा. इथे एक मराठी गोष्ट सांगते. 'त्राटिका'कार वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकात या नाटकाचं मराठी रूप केलं, त्याचं नाव 'वीरमणि आणि शृंगारसुंदरी'. नाव गोड आहे, पण रसांची वाटणी करून टाकणारं आहे: वीररस त्याचा, शृंगार तिचा. शेवटचे दोन अंक ही वाटणी मान्य करत नाहीत. रोमन पद्धतीनं मरताना अँटनीचा घाव नीट बसत नाही आणि तो तळमळत पडतो. रोमन थाटाचं मरण ठरवते आणि पार पाडते ती क्लिओपात्रा.

आणि ठरवताना डोकं किती थंड ठेवते बघा. सीझरला ती आपल्या संपत्तीची यादी देते, सगळं काटेकोर मोजलेलं म्हणून. तिचा खजिनदार सेल्युकस तोंडावर सांगतो, दाखवलं तेवढंच विकत घेता येईल इतकं मागे ठेवलंय. ती त्याच्यावर तुटून पडते. सीझर निर्धास्त होतो, संपत्ती लपवणारी बाई जगायच्या तयारीत असते. प्लूटार्क म्हणतो, सीझर फसला. शेक्सपिअर तो खुलासा गाळतो. हे तिनं ठरवून घडवलं की ती खरोखर पकडली गेली, ते नटीनं ठरवायचं. माझा कल पहिल्याकडे आहे. सीझरची पाठ वळताच ती दासींना म्हणते, पोरींनो, हा मला शब्दांनी गुंडाळतोय. त्यात फसलेल्या बाईचा सूर मला ऐकू येत नाही.

त्याआधी ती सीझरच्या माणसाला, डोलाबेलाला, स्वप्न सांगते. एक सम्राट होता अँटनी, त्याचे पाय समुद्राच्या दोन काठांवर होते, राज्यं आणि बेटं त्याच्या खिशातून नाण्यांसारखी गळायची. मग विचारते, असा माणूस होऊन गेला, होऊ शकतो, असं तुम्हाला वाटतं? डोलाबेला हळू आवाजात म्हणतो, नाही, राणीसाहेब. प्रामाणिक उत्तर आहे. पण पुढच्या काही ओळींत तोच माणूस हेलावून, आपल्या धन्याशी बेइमानी करून, तिला गुपित सांगतो की सीझर तुम्हाला रोममध्ये विजययात्रेत फिरवणार आहे. ते स्वप्न सांगून तिला हवी ती बातमी मिळाली. ते शोकाचं काव्य आहे आणि हेरगिरीही आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

विजययात्रेची तिला खरी धास्ती कशाची? रोमच्या रस्त्यावर नाटकवाले आपली सोंगं काढतील आणि कोणीतरी चिरक्या आवाजाचा पोरगा आपल्याला वेश्येच्या ढंगात उभा करेल. त्या काळी लंडनमध्ये स्त्रीभूमिका मुलगेच करत. म्हणजे हे वाक्य बोलणारा मुलगाच होता. बालगंधर्वांचं नाव ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या क्षणाची जोखीम कळते. ज्या भ्रमावर अख्खा अंक उभा आहे, तो भ्रम नट स्वतः उघडा करतो आणि तरीही तो मोडू देत नाही.

शेवटच्या पानावर एका हालचालीकडे बघा. नाग लावून घेण्याआधी क्लिओपात्रा आपल्या दासीला, चार्मियनला, म्हणते, एवढं काम आटोप, मग प्रलयापर्यंत खेळायची सुट्टी. राणी अर्ध्या वाक्यात मरते, ते वाक्य चार्मियन पुरं करते. मग तिचं लक्ष जातं: तुमचा मुकुट तिरका झालाय, तो नीट करते, आणि मग खेळते. मुकुट सावरणारी चार्मियन प्लूटार्कमध्येही आहे, अर्धमेली, थरथरणारी. पण 'मग खेळते' हे तिच्या तोंडी शेक्सपिअरनं घातलं. सुट्टीचं वचन तिनं लक्षात ठेवलंय. पहारेकरी धावत आत येतात, एक जण विचारतो, हे बरं केलंस का? ती म्हणते, बरं केलं, इतक्या राजांच्या वंशात जन्मलेल्या राणीला शोभेल असं. आणि कोसळते. थोड्या वेळानं सीझर आत येतो, तेव्हा मुकुट सरळ असतो.